दिवटीतलं तेल

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं असा तिचा दावा आहे – असू दे. आईला सांगितलं नाही, थोरल्या भावाला नाही, आबांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून. आणि ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं, ते आता ऐकायला राहिलेलं नाही.

पण एकदम नको. आधी आमच्या पळण्याचं सांगतो. ते सांगायला मला आवडतं, आणि जे आवडतं त्याच्या आडोशाला बसायची माझी जुनी खोड आहे.

आमचं गाव पलूसच्या अलीकडे, कृष्णेच्या काठाला. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन परत आले ते गळ्यातली शिट्टी घेऊनच. ऊस, म्हशी, शेती सगळं होतं, पण सकाळची पहिली गोष्ट म्हणजे पळणं. तांबडं फुटायला शिट्टी वाजायची, की आबा, थोरला अण्णा, मी आणि धाकटी सुमी असे चौघे नदीकाठच्या वडापर्यंत सुटायचो. लोक हसायचे. 'हवालदाराच्या घरात म्हस सोडून समदी पळत्यात' असं म्हणायचे. आबांना त्याचं काही नसायचं. पोरगी पळते याला आईची मात्र ना होती, पण आबांपुढे तिचं काही चालत नसे.

आबांचा एकच नियम होता, आणि तो तुम्ही लक्षात ठेवा. जो पहिला पोचेल त्यानं तिथं बसायचं नाही. मागं फिरायचं, जो सगळ्यात शेवटी आहे त्याला गाठायचं, आणि त्याच्या बरोबरीनं पुन्हा पळत यायचं. 'घर एकदम पोचतं,' आबा म्हणायचे, 'एकटं पोचलं त्ये घर न्हवं.'

सगळ्यात शेवटी कोण असायचं? मी. अण्णा दमदार होता. सुमी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, काटकुळी, पण तिला पळताना बघणं म्हणजे – कसं सांगू – तिला पळताना दम लागायचाच नाही, उलट थांबल्यावर लागायचा. ती पुढे जायची, वडाला हात लावायची आणि वळून माझ्याकडे यायची. रोज. 'चल दादा' एवढंच म्हणायची, आणि मग माझ्या पावलाला पाऊल जुळवून, मुद्दाम हळू, माझ्या शेजारी पळत राहायची. तिनं मला कधी चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

आष्ट्याला जत्रेत लांब पल्ल्याची शर्यत असायची. आम्ही चौघांनी तिथं नाव दिलं तेव्हा पंचांनी सुमीकडे बघून आबांना विचारलं, हिला कुठं नेताय? आबा म्हणाले, पळायला. मोठ्या माणसांत ती सातवी की आठवी आली आणि तिथून माघारी फिरून मला आणायला आली. सगळी जत्रा हसली. बक्षीस म्हणून तिला वेगळा पितळी तांब्या दिला. तो आईनं फळीवर दर्शनी ठेवला होता, ना असूनसुद्धा. तिच्या शाळेतले खेळाचे मास्तर त्यानंतर दोनदा घरी येऊन गेले. थंडीत सांगलीला शर्यती होत्या, जिल्ह्याच्या, आणि तिथून पुढे पुण्याला. आबांनी होकार दिला होता. सुमीच्या आयुष्यात तोवर कुणी तिला सांगलीसुद्धा दाखवली नव्हती.

आता ज्योतीचं.

आमच्या घरचा एक मान होता. नवरात्रात घट बसायच्या दिवशी औंधच्या डोंगरावरून यमाईची ज्योत पळत गावात आणायची आणि तिच्यावर गावच्या देवीचा नंदादीप लावायचा. तो नऊ दिवस तेवायचा. ज्योत आणायची ती फक्त आमच्या घरानं. आजोबांनी आणली, आबांनी आणली. हातात लोखंडी दिवटी – खाली तेलाची वाटी, तिच्यात पीळ देऊन बसवलेली कापडाची जाड वात – आणि सोबत सायकलवर कुणीतरी तेलाची बुधली घेऊन. तीन टप्पे: आधी आबा, मग मी, शेवटी अण्णा. ज्योत वाटेत विझता कामा नये. विझली की ती देवीची राहिली नाही, काडेपेटीची झाली. एवढं तर आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. विहिरींना पाणी आलं होतं, लोकांच्या तोंडावर जरा तजेला होता, आणि गावाला नवरात्र थाटात करायचं होतं. अण्णा तोवर पलटणीत भरती झाला होता, आणि त्याच वर्षी त्याला रजा मिळाली नाही. चुलत्यांचा डोळा त्या मानावर आधीपासून होता. त्यांनी निरोप पाठवला की आमचा बाळू पळंल. आबा म्हणाले, 'मान घराचा हाय. पोरगी काय घरात येत न्हाई व्हय?'

पंचायतीत यावर दोन दिवस कालवा झाला. शेवटी बाळूनं बुधली घेऊन सायकलवर यायचं आणि शेवटचा टप्पा सुमीनं पळायचा असं ठरलं. गावकुसाबाहेर लोक, हलगी, लेझीम, सगळे उभे असणार, आणि समोरून सुमी ज्योत घेऊन येणार. तुम्हाला कळतंय ना, आबांनी काय पणाला लावलं होतं? सुमी रात्रंदिवस त्याचाच विचार करत होती. आबांचे पांढरे कॅनव्हासचे बूट तिला मोठे व्हायचे, तर तिनं पुढे चिंध्या कोंबून ते घालून अंगणात फेऱ्या मारल्या. मी ओट्यावर बसून बघत होतो. मला थोडं वाईट वाटत होतं. शेवटचा टप्पा, हलगीचा टप्पा, मला मिळेल असं मी धरून चाललो होतो – हे मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

पहाटे औंधहून आबा निघाले. कडेपूरच्या जरा पुढे त्यांनी दिवटी माझ्या हातात दिली. त्यांचा गुडघा दुखत होता, तरी पाय आपटून त्यांनी मला सलाम ठोकला. मग एक मालट्रक थांबवून ते पुढे गेले, कुंडलच्या फाट्याला, सुमीजवळ.

मी पळालो. चांगला पळालो, हे खरं आहे. देवराष्ट्रे मागं टाकलं तिथं बाळूनं वाटी काठोकाठ भरली आणि म्हणाला, मी पुढं जाऊन सुमीला तयार ठेवतो. बुधली त्याच्या सायकलला. तो वळणावर दिसेनासा झाला आणि मी एकटा राहिलो. डोंगराची खिंड, वारा, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, आणि हातात देवी.

इथं मला थांबावंसं वाटतं.

माझ्या कमरेला, चड्डीच्या नाडीत, दोन बिड्या आणि काडेपेटी खोचलेली होती. आबांना बिडीचा इतका तिटकारा होता की पलटणीतला एक मित्र त्यांनी त्यापायी तोडला होता. मी त्या उन्हाळ्यात शिकलो होतो. खिंडीत एक मोरी होती, तिच्या कठड्याच्या आडोशाला मी बसलो – घटकाभर, फक्त घटकाभर, मनात म्हटलं. एक काडी ओढली, वाऱ्यानं विझली. दुसरी विझली. आणि शेजारी तर पेटलेली दिवटी होती.

होय. मी देवीच्या ज्योतीवर बिडी पेटवली.

देवधर्मावर माझा फार विश्वास आहे असं नाही, तेव्हाही नव्हता. पण तोंड पुढे करून वातीपाशी नेलं तेव्हा छातीत धडधडलं होतं, म्हणजे मला कळत होतं. मग मी दिवटी कठड्याला टेकवली आणि झुरके घेत बसलो. ती कधी घसरली मला कळलं नाही. बघतो तर आडवी पडलेली, गवतात, तेल मातीत जिरत चाललेलं आणि वातीतून नुसता धूर.

मी काय केलं? काडेपेटीतल्या उरलेल्या काड्यांनी तिला परत पेटवलं. ओंजळ धरून, कठड्याला तोंड लावून. वात तेलानं ओली होती म्हणून पेटली. वाटीत बोट फिरवून बघितलं – तळाला माती आणि तेलाचा नुसता ओशट हात. मी उठलो आणि पळत सुटलो. आयुष्यात इतका वेगानं कधीच पळालो नसेन.

फाट्यावर बाभळीखाली तिघं उभे होते. आबा, बाळू, आणि शाळेच्या गणवेशात, केसांना घट्ट लाल रिबीन बांधून, सुमी. मुहूर्ताची वेळ होत आली होती. मी श्वास रोखून, आबांकडे तोंड न करता दिवटी पुढे केली. बाळू बुधली घेऊन पुढे आलाच.

'तेल घालू का रं इलास?'

एवढं वाक्य. तो घालणारच होता. प्रत्येक हातबदलीला घालायचं असतं. पण त्यानं वाकून वाटी बघितली असती तर? भरून अर्धा तासही झाला नव्हता. आबा शेजारी उभे होते, त्यांचं नाक, त्यांचे डोळे. मी म्हणालो, 'नगं. तूच भरलंय न्हवं मघाशी. काठोकाठ हाय.'

'हाय म्हणतोय न्हवं,' आबा म्हणाले, 'सोड तिला. येळ झाला.'

सुमीनं दिवटी घेतली. वातीच्या एका बाजूला, तेलकट कापडात, गवताची कुसळं अडकली होती. तिनं ती बघितली. नखानं एक उडवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, 'पळ.' आणि ती पळाली, कारण मी सांगितलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवून पळाली.

आम्ही मागून सायकलवर आणि पळत येत होतो. ती किती सुंदर पळत होती! दिवटी खांद्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, आबांनी शिकवलं होतं तशी. गावाची वेस दिसायला लागली, हलगी कानावर आली, बायका आरत्या घेऊन पुढे झाल्या. आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुमीच्या हातातली ज्योत लहान झाली, निळी झाली, विझली.

ती पळत राहिली. तिला कळायलाच वेळ लागला. हलगी थांबली तेव्हा ती थांबली, आणि तिनं मान वर करून धुराकडे बघितलं.

पुढचं मी लवकर सांगतो. चुलत्यांच्या कुणाची तरी फटफटी होती, तिच्यावर बसून बाळू आणि आणखी एक जण औंधला गेले आणि कंदिलात ज्योत घेऊन संध्याकाळी परत आले. मान त्यांच्याकडे गेला तो गेलाच. तेव्हापासून आमची देवी फटफटीवरून येते, आणि त्याला कुणाची काही हरकत नाही.

पण लोकांना कारण हवं असतं. वाऱ्याचं कारण कुणाला पुरत नाही. कुणीतरी बाई बोलली की पोरगी अडचणीत असणार, बाहेरची असणार, आणि पळायच्या हौसेनं तिनं लपवलं. बस. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तेच, पाराखाली तेच. त्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या अंगाची चर्चा मिशीवाले बाप्ये करत होते. आईनं तिला स्वयंपाकघरात बसवून विचारलं. मी सोप्यात होतो, मला सगळं ऐकू येत होतं. सुमी म्हणाली, 'न्हाई गं आये.' आईनं देव्हाऱ्यावर हात ठेवायला लावला. सुमीनं ठेवला. आईनं तरी पुन्हा विचारलं. मग सुमी नुसती रडली, आणि आईनं ते रडणं म्हणजेच होकार धरला.

दार एक पाऊल लांब होतं. आत जायचं आणि म्हणायचं, आये, माझ्या हातनं विझली. एवढंच. मी उठलो आणि गोठ्याकडे गेलो.

भीती होती म्हणाल तर होती. पण भीती पहिल्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी? दसऱ्याला? नंतर जेव्हा खेळाचे मास्तर तिसऱ्यांदा आले आणि आबांनी त्यांना दारातूनच माघारी लावलं तेव्हा? आबा सुमीला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी फक्त शिट्टी खुंटीला अडकवली. सकाळी उठवायचे थांबले. घरात पहाटे कुणीच पळायचं नाही असं झालं, आणि सुमी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेली असायची. मला माहीत आहे, कारण माझेही उघडे असायचे.

मागं फिरून शेवटच्याला आणायचं – आबांचा नियम. त्या वर्षी शेवटची ती होती. कुणी फिरलं नाही. आबा नाही, कारण त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तिचं नाव पडलं 'ज्योत इझवल्याली'. त्या नावावर पंचक्रोशीतली स्थळं येईनात. दीड वर्षानं तिला तिकडे पूर्वेला, आटपाडीच्या माळावर दिलं, बिजवराला. मेंढरं, कुसळं आणि ऊन. नवरा वाईट नव्हता, एवढं म्हणता येईल. लग्नानंतर तिला सोडायला मी गेलो होतो. एस.टी.त ती खिडकीशी बसली होती, पदर तोंडापुढे. अर्धी वाट गेल्यावर तिनं विचारलं, माझ्याकडे न बघता.

'दादा, ती खाली टेकवली व्हतीस न्हवं?'

बघा, किती सोपं करून दिलं होतं तिनं. 'विझवलीस का' असं विचारलं नाही, टेकवली होतीस ना, एवढंच. गाडीत आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. ती आता दुसऱ्या घरची झाली होती, तिनं सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. तिला फक्त स्वतःसाठी हवं होतं. की आपल्या हातात काही खोट नव्हती, आपल्या अंगात काही विटाळ नव्हता.

मी म्हणालो, 'न्हाई.'

'बरं,' ती म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय कधीच काढला नाही.

मला भरतीत घेतलं नाही, छाती भरली नाही. मी माधवनगरला गिरणीत लागलो, तिथंच संसार केला. आबा गेले. आई गेली. सुमी प्रत्येक वेळी यायची, रडायची, माझ्या पोरांना शेंगदाण्याचे लाडू आणायची, आणि माझ्या पाया पडायची. तिच्याहून मोठा ना मी. मी पाय मागे घ्यायला हवे होते. मी आशीर्वाद द्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आटपाडीला पोचलो तेव्हा मातीची वेळ झाली होती. सगळं आटोपल्यावर जिथं तिनं जीव सोडला तिथं पिठावर दिवा ठेवला. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो. घरात माणसं कमी, पोरं शेतात आणि मेंढरांमागं. तिची मुलगी मंगल माझ्यापुढे तेलाची बाटली ठेवून म्हणाली, 'मामा, दिव्याचं तेवढं तुमीच बघा. तुमच्या घरला ज्योतीचा मान व्हता, आई लय सांगायची.'

मी विचारलं, आणखी काय सांगायची?

'म्हणायची, एकदा मीबी पळाले. पर माज्याच हातनं इझली.'

माझ्याच हातानं. पोरांना तिनं हेच सांगितलं होतं. कुसळं तिनं बघितली होती, आणि तरी हेच.

मी तिथं बसून राहिलो. दिवसभर बसायचो, उन्हं उतरली की मंगलचा नवरा यायचा. दिवा लहानसा, मातीचा. मंगल भाकऱ्या थापता थापता आतून हाक द्यायची, 'मामा, तेल हाय न्हवं?' आणि मी दर वेळी वाकायचो, पणतीत बघायचो, बोट बुडवायचो, आणि मगच म्हणायचो, हाय.

फाट्यावर बाळूनं विचारलं तेव्हा मी वाकून बघितलं नव्हतं. बघायची गरजच नव्हती. मला माहीत होतं.